झाडपाल्याची साक्ष

१९७१ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक छोटेसे टिपण छापून आले. लिहिणारे होते ग्लासगोत काम करणारे डॉ. सी. एल. आनंद. अफूची सवय सोडवायला भारतातले वैद्य ओटच्या रोपांचा काढा देतात, आणि तो घेणाऱ्या काहींचे सिगारेटवरूनही मन उडते, हे निरीक्षण त्यांच्यापुढे होते. अशी गोष्ट ऐकली की आपल्यातले काही जण लगेच मान डोलावतात आणि काही जण हसण्यावारी नेतात. आनंदांनी दोन्ही केले नाही. त्यांनी ओटच्या ताज्या रोपांचा अर्क काढला, सिगारेट ओढणाऱ्यांचे दोन गट पाडले, एका गटाला तो अर्क दिला आणि दुसऱ्याला औषध नसलेला, नुसता दिखाऊ द्रव. अर्क घेणाऱ्यांच्या रोजच्या सिगारेटी सरासरी विसाच्या आसपास होत्या, त्या सहाच्या आसपास आल्या. दुसऱ्या गटात काही फरक पडला नाही. निकाल डोळ्यांत भरणारा होता, म्हणून इतरांनीही तो करून पाहिला. १९७४ साली ऑस्ट्रेलियात असाच प्रयोग झाला, तेव्हा ओट आणि दिखाऊ औषध यांच्यात फरक दिसला नाही. नंतरच्या प्रयोगांतही ओटच्या बाजूने काही ठोस हाती लागले नाही, आणि वैद्यकाने तो विषय बाजूला ठेवला. झाडपाल्याच्या औषधाशी कसे वागावे याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. ओट हरला असेल, पण त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याचा मान मिळाला. त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले आणि मग त्याची उलटतपासणी झाली. सिगारेट किंवा विडी सोडवणारी म्हणून जी जी मुळी, चूर्ण, चहा, गोळी आपल्यापुढे येते, तिला हाच मान द्यावा, एवढेच मला सांगायचे आहे. ते इतक्या आग्रहाने का सांगावेसे वाटते, याची कारणे मात्र थोडी सविस्तर मांडावी लागतील.

पहिले कारण असे की सिगारेट सोडण्याचा प्रयत्न ही फार मोलाची आणि फार थोडी मिळणारी गोष्ट आहे. झुरका घेतल्यापासून वीसेक सेकंदांच्या आत निकोटीन मेंदूत पोचते. दोनेक तासांत त्याचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर येते, आणि मेंदू पुन्हा मागू लागतो. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट असतात. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणे, कशात लक्ष न लागणे, हे सगळे तीन-चार आठवडे पुरते. कुठलीही मदत न घेता, नुसत्या निश्चयावर केलेल्या शंभर प्रयत्नांपैकी तीन ते पाच प्रयत्न सहा महिने किंवा वर्षभर टिकतात. हा आकडा वाचून कुणी खचू नये, पण तो लपवूही नये. दुसऱ्या बाजूला रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे चौतीस हजारांवर ब्रिटिश डॉक्टरांचा जो पाठपुरावा केला, त्याचा २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष ठेवून पाहावा. आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधी जातो. तिसाव्या वर्षी सोडली तर ती दहाच्या दहा वर्षे जवळपास परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी सोडली तर नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा आणि साठाव्या वर्षी तीन. म्हणजे निकामी उपायावर घालवलेले प्रत्येक वर्ष या हिशेबातून वजा होते. गुण न येणाऱ्या काढ्यावर विसंबून ज्याचा प्रयत्न फसतो, तो दोष काढ्याला देत नाही. तो म्हणतो, माझ्यातच दम नाही. मग पुढचा प्रयत्न करायला त्याला दोन-तीन वर्षे लागतात, कधी तो कधीच होत नाही. ‘निरुपद्रवी’ उपायाचा हा उपद्रव कुठल्याच बाटलीवर लिहिलेला नसतो.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळू. हा शब्द ऐकला की मन सैलावते. रसायन म्हटले की भीती वाटते, पाला म्हटला की आई आठवते. पण ज्या गोष्टीपासून सुटायचे आहे ती तरी कुठून आली? तंबाखू हे रोप आहे, आणि ते जगभर पसरले तेच मुळी औषधी वनस्पती म्हणून. लिस्बनमधला फ्रेंच राजदूत झां निको याने १५६० च्या सुमारास ते औषध म्हणून फ्रान्सच्या दरबारात पाठवले. निकोटीनला त्याचेच नाव लागले आहे. सेव्हिलचा वैद्य निकोलास मोनार्देस याने १५७१ मध्ये तंबाखूने बऱ्या होणाऱ्या रोगांची लांबच लांब जंत्री छापली. आपल्याकडची हकिगत तर अधिक बोलकी आहे. अकबराचा अधिकारी असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा इतर नजराण्यांबरोबर त्याने तंबाखू आणि ती ओढायची रत्नजडित नळी बादशहापुढे ठेवली. असद बेगने स्वतः लिहून ठेवले आहे की अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि शाही हकीम अस्वस्थ झाला. हकिमाचे म्हणणे असे होते की हे द्रव्य आपल्या ग्रंथांत नाही, त्याचे गुणदोष आपल्याला माहीत नाहीत, तेव्हा न पारखलेले औषध बादशहांनी घेऊ नये. असद बेगने उत्तर दिले की प्रत्येक गोष्ट कधीतरी नवीनच असते, आणि युरोपातले लोक काही मूर्ख नाहीत. वादात असद बेग सरस ठरला. अकबराने पुढे सवय लावून घेतली नाही, पण दरबारातल्या सरदारांनी घेतली, मग व्यापाऱ्यांनी आणली, आणि तंबाखू इथलीच झाली. मला त्या हकिमाविषयी फार आदर वाटतो. चारशे वर्षांपूर्वी त्याने नेमका प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हते. वनस्पती म्हणून, औषध म्हणून, दुसरीकडचे लोक घेतात म्हणून जी घेतली, तीच आज आपण सोडू पाहत आहोत. सोडताना तरी तीच चूक पुन्हा करू नये.

या इतिहासातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती परंपरेवर विश्वास ठेवणाऱ्यांनी शांतपणे विचारात घ्यावी असे मला वाटते. अनेक जाहिराती सांगतात की आमचा उपाय हजारो वर्षे आजमावलेला आहे. तंबाखूच्या बाबतीत हे होऊच शकत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात धूमपानाचे प्रकार दिले आहेत, वर्ती कशी करावी, कधी ओढावी, अति केल्यास काय होते, हे सारे आहे. पण तो धूर सुगंधी आणि औषधी द्रव्यांचा आहे. तंबाखू त्या काळी अटलांटिकच्या पलीकडे होती. चरकाला किंवा वाग्भटाला निकोटीनच्या तलफेचा एकही रुग्ण भेटलेला नाही. त्यांनी त्यावर उपाय सांगितला नाही यात त्यांना कसलाही कमीपणा नाही. त्यांच्या नावावर तो खपवणे मात्र त्यांचा अपमान आहे, कारण हे ग्रंथकार आप्तवाक्याबरोबर प्रत्यक्ष आणि अनुमान मागणारे होते. आजच्या वैद्याने आज समोर असलेल्या रोगासाठी नवा योग शोधला, तर ते परंपरेला धरूनच होईल. फक्त तो योग नवा आहे हे मोकळेपणाने सांगावे आणि नव्या औषधासारखी त्याची परीक्षा द्यावी.

अशी परीक्षा देऊन पार पडलेला झाडपाला आहे का? आहे, आणि त्याची कथा जरा वेळ काढून सांगण्याजोगी आहे. दक्षिण आणि मध्य युरोपात लॅबर्नम नावाचे एक छोटे झाड वाढते. वसंतात त्याला पिवळ्याधमक फुलांचे घोस लटकतात, आणि शेंगांत काळपट बिया धरतात. त्या बियांत सायटिसिन नावाचे अल्कलॉइड असते. एकोणिसाव्या शतकातच ते वेगळे काढले गेले होते. दुसऱ्या महायुद्धात तंबाखू मिळेना तेव्हा सैनिक या झाडाची पाने ओढत, असे सांगितले जाते. नंतर बल्गेरियातल्या संशोधकांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९६४ पासून तिथे ‘टॅबेक्स’ नावाची गोळी विकली जाऊ लागली. सायटिसिन मेंदूतल्या नेमक्या त्याच ग्राहकांवर, म्हणजे रिसेप्टरांवर, जाऊन बसते ज्यांवर निकोटीन बसते. ते त्यांना अर्धवटच चेतवते, त्यामुळे तलफ थोडी भागते. शिवाय जागा आधीच भरलेली असल्याने वरून सिगारेट ओढली तरी तिची मजा येत नाही. गोळी दीड मिलिग्रॅमची. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी एक, दिवसाला सहा. मग हळूहळू कमी करत पंचविसाव्या दिवशी बंद. पाचव्या दिवसापर्यंत सिगारेट पूर्ण सोडायची. पूर्व युरोपात लाखो लोकांनी ती घेतली, आणि तरी पश्चिमेकडे तिचे नाव जवळपास कुणाला माहीत नव्हते, कारण जुन्या चाचण्या बल्गेरियन, जर्मन, पोलिश भाषांतून छापलेल्या होत्या आणि आजच्या कसोट्यांना पुरत नव्हत्या. औषध झाडाचे, जुने आणि स्वस्त. त्याचे पेटंट घेऊन कुणाला मोठे होता येणार नव्हते, म्हणून त्यावर खर्च करायलाही कुणी पुढे येत नव्हते.

अखेर २०११ साली वॉर्सातल्या ७४० धूम्रपान करणाऱ्यांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. कुणाला सायटिसिन आणि कुणाला दिखाऊ गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते, आणि गोळी देणाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते. सल्ला अगदी जुजबी. वर्षानंतर तपासले तेव्हा सायटिसिन घेणाऱ्यांपैकी ८.४ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले होते, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी २.४ टक्के. आकडे लहान वाटतात. शंभरातले आठ म्हणजे ब्याण्णव जण पुन्हा ओढू लागले, असा याचा अर्थ आहेच. पण पंचवीस दिवसांच्या स्वस्त गोळ्यांनी यशाची शक्यता तिपटीहून जास्त झाली, हाही त्याचाच अर्थ आहे. २०१४ मध्ये न्यूझीलंडमधल्या तेराशेवर लोकांत सायटिसिनची तुलना निकोटीनच्या पट्ट्या आणि गम यांच्याशी झाली. एका महिन्यानंतर ४० टक्के विरुद्ध ३१ टक्के, सहा महिन्यांनंतर २२ विरुद्ध १५. मळमळ, विचित्र स्वप्ने, झोपमोड हे त्रासही सायटिसिनवाल्यांना अधिक झाले, आणि तेही त्याच अहवालात नोंदलेले आहे. त्याआधीच, २००६ मध्ये, अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हॅरेनिक्लीन हे प्रसिद्ध औषध रसायनतज्ज्ञांनी याच रेणूपासून प्रेरणा घेऊन घडवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याविषयी पहिली वैद्यकीय मार्गदर्शिका काढली, तिच्यात शिफारस केलेल्या औषधांत सायटिसिन आहे. त्याच मार्गदर्शिकेत पारंपरिक आणि पूरक उपचारांबद्दल म्हटले आहे की शिफारस करण्याइतका पुरावा हाती नाही. एकाच कागदावरची ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत. बियांतून काढलेले औषध पहिल्या वाक्यात बसले, कारण त्याने साक्ष दिली. झाडपाल्याशी वैर असते तर ते तिथे दिसलेच नसते.

इथे एक इशारा देणे भाग आहे. लॅबर्नमचे नाव वाचून कुणी आपल्या बहाव्याकडे वळू नये. चैत्र-वैशाखात रस्तोरस्ती पिवळी झुंबरे लावणाऱ्या बहाव्याला इंग्रजीत ‘भारतीय लॅबर्नम’ म्हणतात, ते केवळ फुलांच्या सारखेपणावरून. दोन्ही झाडे वेगळी. बहाव्याच्या शेंगेतला गर रेचक म्हणून दिला जातो, त्यात सायटिसिन नाही. आणि खऱ्या लॅबर्नमच्या बियाही तोडून चघळायच्या नाहीत, कारण ते सगळे झाडच विषारी आहे. बागेतल्या शेंगा खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना युरोपात वैद्यकाला जुन्या परिचयाच्या आहेत. दीड मिलिग्रॅमची मोजलेली गोळी औषध ठरते, मूठभर बिया ठरत नाहीत. आपल्या सह्याद्रीतही असे एक उदाहरण आहे. महाबळेश्वरच्या बाजूच्या उतारांवर पुरुषभर उंचीचे, पांढऱ्या फुलांचे तुरे मिरवणारे देवनळ उगवते, त्याला रानतंबाखूही म्हणतात. त्याच्या, म्हणजे लोबेलियाच्या, कुळातल्या वनस्पतींत लोबेलीन असते. हे द्रव्य निकोटीनसारखे वागते या समजुतीने १९३० च्या दशकापासून त्याच्या गोळ्या सिगारेट सोडवायला विकल्या जात होत्या. जवळजवळ साठ वर्षे त्या खपल्या. १९९३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुण येतो हे सिद्ध झालेले नाही म्हणून त्या दुकानांतून काढायला लावल्या, आणि पुढच्या आढाव्यांतही दीर्घकाळ उपयोग होतो असे दाखवणारा पुरावा सापडला नाही. लॅबर्नम आणि लोबेलिया दोन्ही नैसर्गिक, दोन्ही विषारी, दोन्हींमागचा तर्क एकच. एक टिकले, दुसरे टिकले नाही. नुसता तर्क लावून हे आधी सांगता आले नसते. करून पाहावे लागले.

आता आपल्या अंगणातल्या वनस्पतीकडे येऊ. पावसाळ्यानंतर पडीक जागेत, कुंपणाच्या कडेला, शेताच्या बांधावर सहदेवी उगवते. वीतभर ते गुडघाभर उंच, बारीक जांभळी फुले, मग वाऱ्यावर उडणाऱ्या पांढऱ्या म्हाताऱ्या. आपण तिला तण म्हणून उपटतो. थायलंडमध्ये हीच वनस्पती ‘पांढऱ्या फुलांचे गवत’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते आणि तिचा चहा सिगारेट सोडवण्यासाठी दिला जातो. तिथल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या वनौषधींमध्ये तिचा समावेश आहे. तो चहा प्यायल्यावर जीभ किंचित बधिर होते, सिगारेटची चव बदलते, नकोशी वाटते. हे तिच्यातल्या पोटॅशियमच्या क्षारामुळे होत असावे असे मानतात. तिच्या पानांत अत्यल्प निकोटीनही सापडले आहे. थाई संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्या केल्या, आणि २०१८ मध्ये त्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा पहिल्या दोन-तीन महिन्यांत सहदेवीचा फायदा दिसला. चाचण्या लहान आहेत, अवधी थोडा आहे, वर्षभराने काय होते याचे उत्तर तिथे मिळत नाही. आणि त्याच पोटॅशियममुळे मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी ती जपून घ्यावी, किंबहुना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की एका देशाने आपल्या तणाला इतक्या गांभीर्याने घेतले, त्याची मात्रा ठरवली, त्याचे दुष्परिणाम लिहून ठेवले, कुणाला देऊ नये तेही लिहिले.

स्वयंपाकघरातल्या उपायांबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. लवंग, वेलची, ज्येष्ठमधाची कांडी, भाजलेली बडीशेप, ओवा, आवळकाठी. सिगारेट सोडणाऱ्याच्या खिशात यांपैकी काहीतरी पुडीत बांधलेले असतेच, आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. तलफ येते ती काही मिनिटांत चढते आणि ओसरते, आणि तेवढी मिनिटे तोंडाला, घशाला, बोटांना काहीतरी हवे असते. घशाला बसणारा ठसका हासुद्धा सवयीचाच भाग असतो. १९९४ साली अमेरिकेत अठ्ठेचाळीस धूम्रपान करणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. रात्रभर सिगारेट न ओढलेल्या या लोकांना तीन तास सिगारेटच्या आकाराच्या नळीतून वाफ ओढायला दिली. काहींच्या नळीत काळ्या मिरीचा अर्क, काहींच्या पुदिन्याचा, काहींची रिकामी. मिरीवाल्यांची सिगारेटची ओढ इतरांपेक्षा कमी झाली. घशातली ती चुरचूर कामी आली असावी. बँकॉकमध्ये शंभर जणांत लिंबाची तुलना निकोटीन गमशी झाली, तेव्हा शेवटच्या आठवड्यांत दोघांच्या यशात ठळक फरक दिसला नाही, पण सुरुवातीच्या कठीण दिवसांत गमने तलफ अधिक शमवली. शंभर माणसांत फरक दिसला नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही, हेही इथे लक्षात ठेवावे. या सगळ्यावरून मला लवंगेची आणि लिंबाची एक जागा दिसते, त्या पाच मिनिटांची सोबत म्हणून. तीन-चार आठवडे मेंदूत जी ओढाताण चालते तिच्यावरचे औषध म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. आणि तुळस-लवंगेच्या ‘हर्बल’ विड्यांना मात्र मी ही जागासुद्धा देणार नाही. पाला कुठलाही असो, जाळला की डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निघतेच, आणि ओठाला विडी लावायची सवय तशीच राहते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. कुणी म्हणेल, पुरावा असो की नसो, एखाद्याची श्रद्धा काढ्यावर बसली आणि त्या जोरावर त्याची सिगारेट सुटली, तर तुमचे काय गेले? शिवाय जगात ज्यांची सिगारेट सुटली त्यांपैकी बहुतेकांनी कुठल्याही औषधाविना सोडली आहे. दुसरा भाग आधी घेऊ. तो खरा आहे, पण बहुतेक प्रयत्नच औषधाविना होतात, म्हणून यशस्वी झालेल्यांतही तेच जास्त दिसतात. पोहून पार झालेले भेटतात, बुडालेले भेटायला येत नाहीत. आता श्रद्धेविषयी. बांगलादेश आणि पाकिस्तानात क्षयरोगाच्या सुमारे अडीच हजार रुग्णांवर सायटिसिनची चाचणी झाली आणि २०२० मध्ये तिचा निकाल आला. दोन्ही गटांना समुपदेशन होते. सहा महिन्यांनी सायटिसिनवाल्यांपैकी सुमारे ३२ टक्के आणि दिखाऊ गोळीवाल्यांपैकी सुमारे ३० टक्के सिगारेटपासून दूर होते. म्हणजे ज्या औषधाची मी इतकी बाजू घेतली, ते तिथे फारसा फरक पाडू शकले नाही. हा निकाल लपवून माझी बाजू बळकट होणार नाही. पण त्यातून दिखाऊ गोळीची थोरवी सिद्ध होत नाही. वॉर्सात तशाच दिखाऊ गोळीवर शंभरातले दोन-तीनच टिकले होते. बांगलादेशात आणि पाकिस्तानात वेगळे काय होते? छातीच्या रोगाचे नुकतेच झालेले निदान, आणि समोर बसून, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा विचारपूस करणारा आरोग्य कर्मचारी. माणसाला माणसाने दिलेल्या या आधाराचे बळ कुठल्याही पुडीपेक्षा मोठे असू शकते, असे मला त्या आकड्यांतून वाटते. वैद्याच्या काढ्याने ज्याची सिगारेट सुटली असेल, त्यातही पुष्कळदा वैद्याने दिलेला वेळच कामी आला असेल. मग तो वेळ, ती विचारपूस उघडपणे उपाय म्हणून द्यावी. गुण नसलेल्या पुडीची किंमत तिच्यावर का लावावी?

दुसरा आक्षेप पैशाचा. कंपन्या स्वस्त वनस्पतींची चाचणी करत नाहीत, म्हणून पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणून वनस्पती नाकारायची, हा अन्याय नाही का? आहे. सायटिसिनची पन्नास वर्षे अशीच गेली. पण त्यातून मार्ग निघाला तो परीक्षा टाळून नव्हे. सार्वजनिक पैशातून, विद्यापीठांतून परीक्षा घेतली गेली. न्यूझीलंडमध्ये तर माओरी समाजात, जिथे धूम्रपानाचे प्रमाण देशात सर्वाधिक आहे, सायटिसिन आणि व्हॅरेनिक्लीन यांची तुलना झाली आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. माओरी परंपरेत ज्या कोव्हाई वृक्षाला मान आहे, त्यातही सायटिसिन असते. आपल्या झाडातले औषध आपल्या माणसांवर, त्यांना विश्वासात घेऊन तपासले गेले. सहा महिन्यांनी सायटिसिनवाले १२.१ टक्के आणि व्हॅरेनिक्लीनवाले ७.९ टक्के टिकले होते. परंपरेचा आदर करायचा तर तो असा. आपल्याकडे आयुषचे स्वतंत्र मंत्रालय आहे, आयुर्वेदाची महाविद्यालये आहेत, सहदेवी फुकट उगवते आहे. मागणी आपल्याकडून, वाचकांकडून, रुग्णांच्या नातेवाइकांकडून यायला हवी.

ती मागणी करताना आपल्या मातीतले आकडे समोर ठेवावेत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातले २८.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतात, आणि धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण सोडण्याचा विचार किंवा बेत करत आहेत. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच आहेत, पण तंबाखू-चुना मळणारे, मिसरी लावणारे, गुटखा खाणारे २४.४ टक्के. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चाचण्या सिगारेटच्या आहेत. गालफडात तासभर ठेवलेल्या बाराची तलफ सहदेवीच्या चहाने हलकी होईल का, पहाटे उठल्याबरोबर मिसरी लावणाऱ्या बाईला तो किती दिवस, किती ग्रॅमचा द्यावा, वर्षभराने तिचे बोट पुन्हा मिसरीच्या डबीत जाईल का, हे प्रश्न इथलेच आहेत आणि इथेच विचारावे लागतील. तोवर ज्याला आज सोडायची आहे त्याच्यासाठी पाकिटावरच १८००-११-२३५६ हा विनाशुल्क क्रमांक छापलेला असतो. त्यावर बोलणाऱ्या समुपदेशकाला आणि आपल्या डॉक्टरला घरी कुठला काढा, कुठले चूर्ण चालू आहे ते न लाजता सांगावे, आणि मूत्रपिंडाचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल तर ते आधी सांगावे.